पाव मिलिमीटरचा हिशेब

सह्याद्री चालतो. भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतो आहे, आणि त्याच्या पाठीवर बसून कळसूबाईपासून आंबोलीपर्यंतचा सगळा डोंगरही. दिवसाचा हिशेब केला तर सुमारे १३७ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा जेमतेम सातवा भाग. आता दुसरा प्रवासी घ्या: दात सरळ करायला पारदर्शक प्लास्टिकचे अलाइनर लावलेल्या पस्तिशीतल्या माणसाचा पटाशीचा दात. सगळं आराखड्याबरहुकूम पार पडलं, तर हा दात आठवड्याला पाव मिलिमीटर, म्हणजे दिवसाला ३६ मायक्रॉन सरकतो. सह्याद्री त्याच्या जवळजवळ चौपट वेगाने पळतो.

इतक्या सावकाश जाणाऱ्या प्रवाशासाठी उभारलेली यंत्रणा मात्र अवाढव्य आहे. कॅलिफोर्नियात १९९७ साली ‘अलाइन टेक्नॉलॉजी’ ही कंपनी सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी तिच्या ‘इन्व्हिसलाइन’ या अलाइनरला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. आज कंपनीच्याच आकड्यांनुसार तिचे रुग्ण २ कोटींच्या पुढे गेले आहेत आणि तिच्या कारखान्यांची क्षमता दिवसाला अलाइनरच्या १० लाख ट्रेंपर्यंत आहे. आणि हे १० लाख ट्रे एकासारखे एक नसतात. एक ट्रे म्हणजे एका माणसाच्या एका जबड्याचा एक आठवडा. तो दुसऱ्या कुणाला बसणार नाही आणि त्याच माणसालाही पुढच्या महिन्यात बसणार नाही. माणशी दोन्ही जबड्यांचे मिळून ४० ट्रे धरले तरी एवढ्या रुग्णांसाठी ८० कोटी ट्रे होतात, आणि हा झाला एकाच कंपनीचा अंदाज.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या हॅरॉल्ड केसलिंग या दंतवैद्याने १९४५ मध्ये दातांच्या ठशातून मेणात एकेक दात सुटा करून, किंचित हलवून, त्यावरून रबराचं साधन बनवलं होतं. अशी साधनं एकामागोमाग वापरली तर दात मोठं अंतरही कापतील, हे त्याला दिसत होतं; पण प्रत्येक पायरीला नवा साचा हाताने बनवणार कोण? ते काम पुढे संगणकाने आणि त्रिमितीय छपाईने केलं. पडद्यावर दात सरकवायला आता क्षणभर पुरतो, आणि सगळी गंमत इथूनच सुरू होते. कारण पडद्यावरच्या दाताला हाड नसतं.

तोंडातल्या दाताला असतं. दाताचं मूळ जबड्याच्या हाडाला थेट चिकटलेलं नसतं. मूळ आणि खोबणीची भिंत यांच्यामध्ये तंतूंचा, रक्तवाहिन्यांचा आणि पेशींचा एक पातळ थर असतो. पेरिओडॉन्टल लिगामेंट हे त्याचं नाव. त्याची जाडी सरासरी ०.२ मिलिमीटर आणि वयाबरोबर ती थोडी कमीच होते. एका ट्रेत दाताला दिलेली चाल ०.२५ मिलिमीटरपर्यंत असते. म्हणजे नवा ट्रे ज्या ठिकाणी दाताला जायला सांगतो, ते ठिकाण दाताभोवतीच्या सगळ्या मऊ थरापेक्षाही दूर आहे. अर्थातच दात तिथे लगेच जात नाही. थोडा थर दबतो, उरलेल्या अंतरापुरतं प्लास्टिक वाकतं, आणि ट्रे पहिल्या दिवशी नीट बसत नाही. तो बसावा म्हणून रबरासारखी मऊ नळकांडी चावायला देतात. हे वाकलेलं प्लास्टिक पूर्ववत होऊ पाहतं, आणि दाताला मिळणारं बळ ते हेच.

हे बळ किती असावं? ऑस्ट्रियाच्या ए. एम. श्वार्ट्झ यांनी १९३२ मध्ये एक मर्यादा मांडली. मुळाच्या दर चौरस सेंटिमीटरवर साधारण २० ते २६ ग्रॅम. कारण केशवाहिन्यांमधल्या रक्ताचा दाब जवळपास तेवढाच असतो. त्याहून जास्त दाबलं की त्या जागी रक्त पोचत नाही. आजच्या पाठ्यपुस्तकांत दात नुसता कलता करायला ३५ ते ६० ग्रॅम पुरे असं म्हटलेलं असतं; म्हणजे एका कोंबडीच्या अंड्याचं वजन. त्याच तोंडातल्या दाढा जोरात चावताना ५० ते ७० किलो भार झेलतात. हजारपट बळाने दात जागचा हलत नाही आणि अंड्याच्या वजनाने हलतो, ही या सगळ्या विद्येतली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट आहे.

तिचं उत्तर वेळेत आहे. चावण्याचा एक दणका सेकंदभरही टिकत नाही. तेवढ्या वेळात लिगामेंटमधला द्रव बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि तोच भार झेलतो. दिवसभरात वरखालचे दात एकमेकांना प्रत्यक्ष टेकतात ती वेळ, सगळी मिळून, वीस मिनिटांच्या आसपास. उलट अंड्याएवढं बळ सतत राहिलं, तर काही सेकंदांत द्रव सरतो, काही मिनिटांत रक्तप्रवाह बदलतो आणि साधारण चार तासांनी पेशींमध्ये रासायनिक संदेश जमू लागतात. त्याआधी ट्रे काढला तर हाडाच्या लेखी फारसं काही घडलेलंच नसतं. संदेश मिळाल्यावरही दात खऱ्या अर्थाने सरकायला दोनेक दिवस लागतात.

म्हणूनच डॉक्टर दिवसाला २२ तासांचा धोशा लावतात. उरतात १२० मिनिटं. दोन जेवणं अर्ध्या अर्ध्या तासाची, नाश्ता वीस मिनिटांचा आणि प्रत्येक खाण्यानंतर पाच मिनिटं ब्रश, असे झाले ९५. दहा-दहा मिनिटांचे दोन चहा घेतले की ११५. गरम चहाने प्लास्टिक वाकडं होतं आणि साखर आत अडकून बसते, म्हणून ट्रे काढायचा. तिसऱ्या कपाला कोटा संपतो. ऑफिसात दर दोन तासांनी टपरीवर जाणाऱ्यांनी हे गणित आधी मांडून बघावं, मग फी भरावी.

आता खोबणीच्या भिंतीपाशी जाऊ. दात ज्या बाजूला ढकलला जातो त्या बाजूचं हाड कुणीतरी काढून टाकावं लागतं. हे काम ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी करतात. एका पेशीत अनेक केंद्रकं, आकार ५० ते १०० मायक्रॉन, म्हणजे पेशींच्या जगात राक्षसच. ही पेशी हाडाला चिकटून कडेने सील करते, आतल्या पोकळीत आम्ल सोडते, खनिज विरघळवते आणि उरलेले प्रथिनांचे धागे विकरांनी तोडते. घट्ट हाडातून वाट खणताना ऑस्टिओक्लास्टांची टोळी दिवसाला २० ते ४० मायक्रॉन पुढे जाते. दाताचे दिवसाचे ३६ मायक्रॉन याच पट्ट्यात बसतात आणि तो योगायोग नाही. समोरचं हाड विरघळल्याशिवाय मुळाला पुढे जागाच नसते.

बळ जास्त झालं तर मात्र उलटंच होतं. दाबलेल्या भागातल्या पेशी मरतात, तिथे काचेसारखा निर्जीव थर दिसतो, आणि ऑस्टिओक्लास्टांना मागून, हाडाच्या आतल्या बाजूने पोखरत यावं लागतं. त्यात आठवडा-दोन आठवडे दात अडूनच राहतो. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी १९०४-०५ मध्ये कुत्र्याच्या दातांवर हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. शंभर वर्षं उलटली तरी ‘जरा घट्ट करा, लवकर होईल’ असं म्हणणारे रुग्ण भेटतातच.

पाव मिलिमीटरसाठी किती हाड हलतं? ढोबळ मांडणी करू. वरच्या मधल्या पटाशीच्या दाताचं मूळ सरासरी १३ मिलिमीटर लांब. रुंदी सरासरी ५ मिलिमीटर धरू. मूळ सबंध सरळ सरकलं तर १३ गुणिले ५ गुणिले पाव, म्हणजे सुमारे १६ घन मिलिमीटर जागा समोरून रिकामी व्हायला हवी. हाडात दर घन मिलिमीटरला साधारण २०,००० ऑस्टिओसाइट पेशी गाडलेल्या असतात. म्हणजे एका दाताच्या एका आठवड्याच्या वाटेत तीन लाखांच्या आसपास जिवंत पेशी येतात. या पेशी नुसत्या भरताड नसतात. हाडावर ताण कुठे पडतोय हे जाणून त्या एकमेकींना कळवतात. २०१५ मध्ये ब्यून्झली आणि सिम्स या संशोधकांनी माणसाच्या सबंध सांगाड्यातल्या अशा पेशींचा हिशेब मांडला: सुमारे ४,२०० कोटी पेशी आणि त्यांना जोडणाऱ्या सूक्ष्म शाखांची एकूण लांबी सुमारे १,७५,००० किलोमीटर. पृथ्वीला विषुववृत्तावरून चार प्रदक्षिणा घालून वर काही हजार किलोमीटर उरतील. पस्तिशीतल्या माणसाने आरशासमोर उभं राहून ट्रे ‘टक’ करून बसवला की या जाळ्याच्या एका कोपऱ्यात खळबळ सुरू होते.

हाड काढणं सोपं, भरणं कठीण. दाताच्या मागे उरलेल्या पोकळीत ऑस्टिओब्लास्ट पेशी नवं हाड रचतात आणि पक्कं, थरांचं हाड रचण्याचा त्यांचा वेग दिवसाला साधारण एक मायक्रॉन असतो. पुन्हा वाचा: समोरून रोज ३६ मायक्रॉन जातात आणि मागे एक येतो. अर्थात शरीर इतकं भाबडं नाही. तातडीचं म्हणून ते आधी कच्चं, विस्कळीत धाग्यांचं हाड भराभर टाकतं आणि मागाहून सवडीने ते पक्क्या हाडाने बदलतं. एका जागचं हाड काढण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं; ते पुन्हा भरून यायला तीन-चार महिने लागतात, आणि त्यात खनिज पूर्ण मुरायला त्याहून जास्त. तोवर पुढचे बारा ते सोळा ट्रे येऊन गेलेले असतात. म्हणजे प्रौढ माणसाचा जबडा उपचाराच्या मधल्या काळात सगळीकडे अर्धवट बांधकामाच्या अवस्थेत असतो.

हे क्ष-किरणांत दिसतं. तैवानमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ रुग्णांच्या वरच्या सहा पुढच्या दातांभोवतीच्या हाडाची घनता सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनने मोजली. सात महिन्यांच्या उपचारानंतर ती सरासरी २४ टक्क्यांनी घटलेली होती. रुग्ण थोडे होते, पण दिशा स्पष्ट आहे. असला आकडा ऐकून घाबरणाऱ्यांना एवढंच सांगता येईल की यातलं बरंचसं ‘गेलेलं’ हाड नसून ‘अजून न मुरलेलं’ हाड असतं. हे फक्त अलाइनरचं वैशिष्ट्यही नाही; तारेने सरकवलेल्या दाताभोवतीही हाड असंच विरळ होतं. हाडाला बळ कळतं, ते प्लास्टिकमधून आलं की धातूमधून, हे त्याला ठाऊक नसतं.

खरी काळजीची जागा वेगळी आहे आणि तिथले आकडे वाचून मीही थबकलो. ओठाच्या बाजूला पुढच्या दातांवर असलेली हाडाची भिंत किती जाड असते? ब्राझीलमधल्या यानुआरिओ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २५० माणसांच्या स्कॅनवर ती मोजली. बहुतेक ठिकाणी ती एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ निघाली आणि जवळजवळ निम्म्या ठिकाणी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ. अर्धा मिलिमीटर म्हणजे दोन ट्रेंची चाल. काही ठिकाणी तर भिंत मुळातच नसते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४६ अमेरिकी कवट्या तपासल्या होत्या. त्यांपैकी ४० टक्क्यांमध्ये कुठे ना कुठे हाडाची कड मुळावरून खाली घसरलेली होती आणि ६२ टक्क्यांमध्ये मुळावरच्या हाडाला खिडकी पडलेली होती. दर दाताचा हिशेब केला तर हे प्रमाण कमी भरतं, सुमारे ४ आणि ९ टक्के. तरी कुठे तरी एक खिडकी असलेला माणूस हा अपवाद नाही, तो बहुसंख्य आहे.

मुलांत वाढ चालू असते आणि टाळूच्या मध्यावरची शिवण उघडून जबडाच रुंद करता येतो. प्रौढांत ती वाट जवळजवळ बंद असते. मग दाटीवाटीने बसलेल्या दातांना जागा आणायची कुठून? सोपा दिसणारा उपाय म्हणजे दातांची कमान बाहेरच्या बाजूला फुगवणं. पडद्यावर ती फार छान फुगते. पण प्लास्टिक पकडतं ते दाताचं वर दिसणारं साडेदहा मिलिमीटरचं डोकं. १३ मिलिमीटरचं मूळ त्याच्या पकडीबाहेर असतं. त्यामुळे दात सबंध सरकण्याऐवजी कलतो. डोकं बाहेर जातं, मुळाचं टोक आत, आणि हिरडीजवळचा भाग नेमका सगळ्यात पातळ भिंतीवर रेलतो. दातावर चिकटवलेले लहान उंचवटे, ज्यांना अटॅचमेंट म्हणतात, ते मुळावर ताबा मिळवण्यासाठीच असतात. पण त्यांनाही मर्यादा आहेत.

दुसरा उपाय दिसायला क्षुद्र वाटतो. दोन दातांच्या मध्ये पट्टी घासून प्रत्येक सांध्याला जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर जागा काढायची. खालच्या पुढच्या सहा दातांमध्ये पाच सांधे, म्हणजे अडीच मिलिमीटर. दाटी एवढीच असेल तर भिंतीला हात न लावता काम होतं. दाटी याहून फार जास्त असेल, तर प्रत्येकी सातेक मिलिमीटर रुंद उपदाढा काढण्याचा जुना, कुणालाच न आवडणारा मार्ग उरतो. तीस-चाळीस वर्षांच्या माणसाला ‘दात न काढता, न घासता, फक्त सहा महिन्यांत’ असं आश्वासन कुणी देत असेल, तर हे सगळे मिलिमीटर कुठून येणार, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. बहुतेक आराखडे दातांच्या फक्त वर दिसणाऱ्या डोक्यांच्या स्कॅनवरून तयार होतात. पडद्यावरची गुलाबी हिरडी नुसतं चित्र असते. अलीकडे काही सॉफ्टवेअरमध्ये सीबीसीटी जोडून मुळं आणि हाड दाखवता येतं, हा खरा फरक पडला आहे. ग्राहकाला ट्रे थेट घरी पाठवणारी ‘स्माइल डायरेक्ट क्लब’ ही अमेरिकी कंपनी २० लाखांहून अधिक ग्राहकांचा दावा करत डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली. तिची कथा निराळी, पण घरी घेतलेल्या ठशात हाड उमटत नाही, हे तिथेही खरंच होतं.

मग सगळ्यांचा सीबीसीटी काढावा का? इथेही आकड्यांनी अडवलं आहे. या स्कॅनचा एक कण, ज्याला व्हॉक्सेल म्हणतात, बहुधा ०.२ ते ०.४ मिलिमीटरचा असतो. अर्ध्या मिलिमीटरची भिंत अशा दोन-अडीच कणांतच आटोपते, कधी एकातच. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोरड्या कवट्यांवर प्रत्यक्ष डोळ्यांनी मोजलेल्या खिडक्या आणि स्कॅनमध्ये दिसलेल्या खिडक्या ताडून पाहिल्या, तेव्हा स्कॅनमध्ये जवळपास तिप्पट दिसल्या. भिंत तिथे होती. ती स्कॅनला दिसण्याइतकी जाड नव्हती, एवढंच. त्यामुळे ‘अलाइनरनंतर हाड इतकं टक्के घटलं’ अशी बातमी वाचताना व्हॉक्सेल किती होता आणि स्कॅन उपचार संपल्यावर किती महिन्यांनी काढला, हे दोन आकडे आधी शोधावेत. ते नसतील तर पुढचा आकडा बिनबुडाचा.

पडद्यावरचा पाव मिलिमीटर तोंडात किती उतरतो? अमेरिकेतल्या नील क्रॅविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पुढच्या दातांची ठरवलेली चाल आणि प्रत्यक्ष चाल तपासली: सरासरी अचूकता ४१ टक्के. दात हिरडीतून बाहेर ओढण्याच्या हालचालीत तर ३० टक्क्यांहूनही कमी. २०२० मध्ये, नवं प्लास्टिक आणि नवं सॉफ्टवेअर आल्यानंतर पुन्हा मोजलं तेव्हा ५० टक्के. मला हे अपयश वाटत नाही. फक्त पडद्यावरचा आकडा ही मागणी असते, निकाल नसतो; म्हणूनच चांगला ऑर्थोडॉन्टिस्ट सुरुवातीलाच सांगतो की मध्ये पुन्हा स्कॅन होईल आणि जादा ट्रे येतील.

ट्रे आधी दोन आठवड्यांनी बदलत. २०१६ पासून कंपनीने आठवड्याची शिफारस केली. २०२१ मध्ये ७५ रुग्णांवर ७, १० आणि १४ दिवसांची तुलना झाली. एकंदर अचूकतेत फारसा फरक पडला नाही. मागच्या दातांच्या काही हालचालींत मात्र १४ दिवस सरस ठरले. त्या मोजमापात फक्त दाताची जागा होती. हाडाला दिवसाचा एक मायक्रॉनच जमतो, तो आठवड्याच्या वेळापत्रकाने दोन होत नाही. मुळांच्या टोकांचंही तसंच: सरकताना ती थोडी झिजतात, बहुतेकांत मिलिमीटर-दीड मिलिमीटर, आणि १ ते ५ टक्के रुग्णांत चार मिलिमीटरहून जास्त. हाड भरून येतं. आखूड झालेलं मूळ पुन्हा लांब होत नाही.

शेवटचा ट्रे काढल्यावर हाडाचं काम संपलेलं नसतं. लिगामेंटचे तंतू नव्या जागी बसायला तीन-चार महिने लागतात. हिरडीतले लवचीक तंतू वर्षभर ताणलेले राहू शकतात आणि दाताला मागे ओढत राहतात. वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी तारेने उपचार झालेल्या रुग्णांना, दात नव्या जागी धरून ठेवणारा रिटेनर सोडल्यानंतर वीस वर्षांनी तपासलं, तेव्हा खालच्या पुढच्या दातांची रांग समाधानकारक राहिलेले फक्त १० टक्के निघाले. म्हणून आता बहुतेक ठिकाणी रात्रीचा रिटेनर अनिश्चित काळासाठी सांगतात. आठवड्याला एक या हिशेबाने ५२ ट्रे, रोज २२ तास: उपचाराचे झाले ८,००८ तास. वीस वर्षं रोज रात्री आठ तास रिटेनर: ५८,४०० तास. दरपत्रकात हा दुसरा आकडा बहुधा छापलेला नसतो.